यॉर्कशरमधल्या बेटीजमध्ये पहिल्यांदा जाताना

हॅरोगेट गावातलं बेटीज हे चहाघर 1919 सालचं, पदार्थ स्वतःच्या बेकरीतले. शनिवार-रविवारी दुपारी मोठी रांग असते, म्हणून सकाळी लवकर जा. नुसता पाव-केक हवा असेल तर दुकानातून घ्या, टेबलाची वाट बघायची गरज नाही.

पहिल्या खेपेला फॅट रास्कल मागवाच: स्कोनसारखा (स्कोन म्हणजे चहासोबतचा छोटा, गोलसर, भुसभुशीत पाव) जाड, आत बेदाणे आणि संत्र्या-लिंबाची साल, वर चेरीचे डोळे, बदामाचे दात. गरम असतानाच लोणी लावा.

स्कोन सुरीने कापू नका, चुरा होतो. मधल्या भेगेत बोटं घालून आडवा उघडा. दोन्ही अर्ध्यांवर क्रीम लावून ते वेगवेगळे खायचे. पुन्हा मिटून दाबलात तर क्रीम बाहेर येतं. चहा 3-4 मिनिटं मुरू द्या. किटलीत पत्ती राहिली तर दुसरा कप कडू होतो, मग गरम पाणी मागून घ्या.

शाकाहारी असाल तर इंग्लंडमध्ये कुठेही विचारूनच मागवा. पाय (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ) याच्या पारीत डुकराची चरबी, वाफवलेल्या पुडिंगमध्ये सूएट म्हणजे गोमांसाची चरबी, यॉर्कशर पुडिंगच्या (पातळ पिठाचा भाजलेला, फुगलेला खारा पदार्थ) साच्यातही गोमांसाची चरबी असू शकते. दिसायला सगळं निरामिष! ट्रायफल या केक, कस्टर्ड, क्रीमच्या थरांच्या गोड पदार्थातल्या जेलीत जिलेटिन (प्राण्यांपासून काढलेलं) असू शकतं. बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं असेल तर वेगळी टिप नको.