जुन्या एसयूव्हीत स्टॅबिलिटी कंट्रोलचा दिवा मधूनच लागतो आणि जातो. दोष कुठे शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड घेतलेल्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोलचा (गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा खराब रस्त्यावर किंवा वळताना लागतो, गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की जातो, आणि गॅरेजमध्ये थेट एबीएस मॉड्यूल (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा कंट्रोल बॉक्स) बदलायला सांगितलंय. मॉड्यूल आत्ता बदलू नका. ते खराब असूही शकतं, पण त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. गाडी आदळली की उठणारा दोष बहुतेक वेळा चाकाजवळच्या वायरीत, कनेक्टरमध्ये नाहीतर बेअरिंगमध्ये निघतो.

आधी एक खात्री करा. दिवा लुकलुकतो की स्थिर राहतो? निसरड्या जागी क्षणभर लुकलुकला तर यंत्रणा आपलं काम करतेय, तो दोष नव्हे. 'ऑफ' लिहिलेला दिवा लागला असेल तर बहुधा बटण दाबलं गेलंय. स्थिर लागला तरच पुढचं वाचा. शिवाय चावी ऑन केल्यावर स्टॅबिलिटी, एबीएस आणि इंजिन हे तिन्ही दिवे काही सेकंद लागायलाच हवेत. त्यातला एखादा लागतच नसेल, तर आधीच्या मालकाने तो झाकला किंवा काढला असण्याची शक्यता धरा.

दिवा नेमका केव्हा लागतो, यात अर्धं निदान असतं. चावी ऑन करताच लागला आणि काही सेकंदांनी गेलाच नाही तर कुठेतरी सर्किट तुटलंय किंवा व्होल्टेज कमी पडतंय. गाडी हलून १०-२० किमी वेग आल्यावर लागला तर चाकाच्या सेन्सरचा सिग्नल बिघडलाय, कारण चाक फिरल्याशिवाय मॉड्यूलला सिग्नल तपासताच येत नाही. गाडी बंद-चालू केल्यावर दिवा 'बरा' होतो तो याचमुळे. फक्त वळताना लागत असेल तर स्टिअरिंग सेन्सर, ताणली जाणारी वायर किंवा ढिलं बेअरिंग बघायचं. ब्रेकचा लाल दिवाही सोबत चमकत असेल तर ब्रेक ऑइलची पातळी बघा: ऑइल किमान रेषेला टेकलेलं असलं की वळणावर ते एका बाजूला झुकतं आणि पातळी मोजणारा फ्लोट खाली जातो, म्हणून दिवा चमकतो. तिथे नुसतं ऑइल ओतून थांबू नका. पॅड झिजलेत की कुठे गळतंय, ते शोधा.

आता स्कॅनर. गाडी दोषाची नोंद कोडच्या रूपात ठेवते. साधे ओबीडी रीडर (गाडीच्या सॉकेटला लावून हे कोड वाचणारी उपकरणं) इंजिनचे, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे कोडच वाचतात. तुम्हाला एबीएस मॉड्यूलमध्ये शिरून 'सी' आणि 'यू' कोड वाचणारा स्कॅनर हवा. कोड वाचले की आधी लिहून घ्या आणि सोबत साठवलेला फ्रीझ फ्रेमही उतरवा: त्या क्षणी वेग किती होता, व्होल्टेज किती, स्टिअरिंग कुठे. कोड घाईने पुसणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक आहे, कारण मधूनच येणाऱ्या दोषाचा तेवढाच पुरावा असतो. आणि कोड सर्किटचं नाव सांगतो, खराब पार्टचं नाही. 'पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर' असा कोड आला तर सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर, बेअरिंगमधली चुंबकी रिंग (चाकासोबत फिरणारी, जिच्यावरून सेन्सर वेग ओळखतो), यातलं काहीही असू शकतं. इंजिनचा दिवाही लागत असेल तर आधी इंजिनचा कोड सोडवा. थ्रॉटलमध्ये (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेत) बिघाड झाला की बऱ्याच गाड्या स्टॅबिलिटी कंट्रोल स्वतःहून बंद करतात आणि दिवा लागतो, ब्रेकच्या यंत्रणेत काहीच दोष नसताना.

पाना हातात घेण्याआधी मी बॅटरी मोजेन. रात्रभर उभ्या गाडीत साध्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. सेल मारताना ९.६ च्या खाली गेली तर तिचाच संशय घ्या. मग इंजिन सुरू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक ते बॉडी असा व्होल्टेज ड्रॉप मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थिंगचा बोल्ट सोडून खालचा रंग-गंज घासून काढा.

नंतर लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालू असताना स्कॅनरवर दिसणारे आकडे. चारही चाकांचे वेग एकाच ग्राफवर लावा, शेजारी दुसरा माणूस बसवा आणि सरळ रस्त्यावर २०-४० किमी वेगाने जा. चारही रेषा एकमेकींना चिकटून चालायला हव्यात. एखादी क्षणभर शून्यावर कोसळून परत येत असेल तर वायर किंवा कनेक्टर. चाकाच्या दर फेऱ्याला ठरावीक जागी खोबण पडत असेल तर रिंगला चीर गेलीय किंवा तिच्यावर लोखंडाचा कीस बसलाय. थांबता थांबता, ५-१० किमीवर, एकच रेषा बाकीच्यांआधी शून्य होत असेल आणि कोरड्या रस्त्यावरही ब्रेक पेडल पायाखाली थरथरत असेल, तर सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगून सेन्सर वर उचलला गेलाय.

चाक सापडलं की गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावा, चाक काढा. सेन्सरपासून बॉडीपर्यंत जाणारी वायर जिथे शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या क्लिपमधून सुटून चाकाच्या कमानीत शिरते, तो वीतभर भाग स्टिअरिंगसोबत हजारो वेळा वाकलेला असतो. वरचं आवरण शाबूत दिसतं, आतलं तांबं मात्र तुटलेलं असतं. दोन चिमटींत वायर धरून हलकेच ताणत पुढे सरका. तांबं जिथे तुटलंय तिथे आवरण रबरासारखं लांबून बारीक होतं. कनेक्टर उघडून पिना बघा: हिरवट किटण, आतलं पाणी, सैल झालेली पिन. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. आवरणात सुई टोचून व्होल्टेज मोजू नका, त्या भोकातूनच पुढे पाणी शिरतं. वायर जोडायचीच झाली तर आत गोंद असलेली श्रिंक ट्यूब वापरा आणि दोन वायरींचा पीळ होता तसाच ठेवा, नाहीतर बाहेरचा विद्युत गोंधळ सिग्नलमध्ये शिरतो.

सेन्सरबद्दल एक सावधगिरी. जुन्या पद्धतीच्या चुंबक-गुंडाळीच्या सेन्सरला साधारण ८०० ते २००० ओहम दिसतात. आताच्या बहुतेक गाड्यांत मात्र इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो. त्याचे ओहम मोजून काहीच कळत नाही. त्यासाठी चाक हवेत ठेवून, चावी ऑन करून ते हाताने फिरवा. स्कॅनरवर २-३ किमी वेग दिसायला हवा. तसंच फिरवत दुसऱ्याला वायर आणि कनेक्टर हलवायला सांगा. आकडा जिथे उडतो तिथेच दोष.

त्याच वेळी चाक वर-खाली धरून हलवा. खटका जाणवला तर बेअरिंग तपासा, कारण चुंबकी रिंग बऱ्याचदा त्याच्याच सीलमध्ये असते आणि हब डोलला की सेन्सर आणि रिंगमधलं अंतर बदलतं. डावीकडे वळताना घरघर वाढत असेल तर बहुधा उजवं बेअरिंग. अलीकडे कोणी बेअरिंग बदललं असेल तर ते उलट्या बाजूने दाबलं गेलं नाही ना, हेही बघा.

टायर विसरू नका, जुन्या गाडीत ते हमखास वेगवेगळे असतात. चारही टायरवरचा आकार वाचा. २३५/६५ आर १७ मध्ये एका टायरची नक्षी ८ मिमी आणि दुसऱ्याची ३ मिमी असेल तर एका फेऱ्यात साधारण ३१ मिमीचा फरक पडतो. एवढं बऱ्याच यंत्रणा सोसतात, पण आकारच वेगळा असेल तर सोसत नाहीत.

कोड स्टिअरिंग अँगलचा असेल तर सरळ रस्त्यावर आकडा शून्याच्या दोन-तीन अंशांत आहे का बघा. सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना तो मध्येच उडी मारता कामा नये. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग तिरकं राहिलं असेल तर आधी अलाइनमेंट नीट करा, मगच सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणा. सोबत हॉर्न किंवा एअरबॅगचा दिवाही कुरकुरत असेल तर स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) बघा. यॉ सेन्सरचा (गाडी किती गिरकी घेतेय ते मोजणारा, बऱ्याचदा सीट किंवा कन्सोलखाली बसवलेला) कोड असेल तर सीटखालचा आणि कन्सोलखालचा गालिचा हाताने दाबून ओल आहे का बघा.

यातून काहीच निघालं नाही, मॉड्यूलच्या कनेक्टरपाशी लोडखाली पॉवर आणि अर्थिंग दोन्ही ठीक आली, तरच मॉड्यूलवर या. नवं मॉड्यूल बसवल्यावर गाडीनुसार कोडिंग करावं लागतं, आणि हायड्रॉलिक युनिट (मॉड्यूलला जोडलेला, ब्रेक ऑइलचा भाग) काढलं तर ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली एअरही स्कॅनर लावून काढावी लागते. गॅरेजला हे जमतं का, ते आधी विचारा.

तोवर गाडी चालवायची का? फक्त पिवळे दिवे असतील तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात, म्हणून अंतर वाढवा. ब्रेकचा लाल दिवा सोबत असेल, किंवा गाडी वळणावर स्वतःहून एका चाकाला ब्रेक लावत असेल, तर दुरुस्तीपर्यंत ती बाहेर काढू नका. दुरुस्तीनंतर कोड पुसून, दिवा लागायचा त्याच रस्त्यावर, त्याच वळणांवर गाडी फिरवा आणि दिवा न लागला तरी एबीएस मॉड्यूल पुन्हा एकदा वाचा.