कोविड पॉझिटिव्ह आल्यावर स्टेरॉइड लगेच सुरू करावं का? नेमकं कोणतं औषध लागू पडतं?

तुम्ही विचारलंय: वडील ६२ वर्षांचे, मधुमेह आहे, कालपासून ताप आणि टेस्ट पॉझिटिव्ह. शेजारचे म्हणतात, स्टेरॉइड आधीच घेतलं की छातीत उतरत नाही. खरं का?

खरं नाही, आणि मधुमेह असताना तर हा सल्ला घातकच.

या आजारात कोणतं औषध, याच्याइतकंच ते कितव्या दिवशी हेही महत्त्वाचं. दिवस मोजायचे ते पहिल्या लक्षणापासून, रिपोर्टच्या तारखेपासून नाही. पहिले पाचेक दिवस विषाणू वाढत असतो. पुढे काही जणांत, साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच फुफ्फुसाला सूज आणते. स्टेरॉइड ही सूज आवरतं. विषाणू वाढत असताना दिलं तर प्रतिकारशक्तीच दाबली जाते.

२०२०च्या जूनमध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत हे लख्ख दिसलं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा शून्य, उलट नुकसानीकडेच कल. शिवाय स्टेरॉइडने रक्तातली साखर ३००-४००वर जाऊ शकते. २०२१मध्ये म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) जे रुग्ण महाराष्ट्राने पाहिले, त्यांत अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही जोडी वारंवार होती.

आज, म्हणजे दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांना विचारायचं ते विषाणूविरोधी औषधाबद्दल. वय आणि मधुमेह, दोन्हींमुळे वडील जोखमीच्या गटात येतात. निर्माट्रेल्विर ३०० मिलिग्रॅम (१५०च्या दोन गोळ्या) आणि रिटोनाविर १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ५ दिवस. सुरुवात लक्षणांच्या पाच दिवसांच्या आत. खरी अडचण रिटोनाविरची. ते औषधं मोडणारं यकृतातलं एन्झाइम रोखतं, त्यामुळे कोलेस्टेरॉलचं सिम्वास्टॅटिन, हृदयाच्या ठोक्यांचं अमिओडॅरोन, अवयव प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस, रक्त पातळ करणारं रिव्हारोक्साबॅन यांची रक्तातली पातळी धोकादायक वाढते. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर ही जोडी द्यायचीच नाही. म्हणून सगळ्या चालू गोळ्यांच्या पट्ट्या डॉक्टरांसमोर ठेवा, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) किती तेही सांगा. मूत्रपिंड मंद असेल तर डोस कमी होतो.

ही जोडी जमत नसेल तर रेमडेसिव्हिर शिरेतून: पहिल्या दिवशी २००, पुढचे दोन दिवस १०० मिलिग्रॅम. लवकर दिलं तर उपयोग चांगला. २०२१च्या एप्रिलमध्ये ज्याच्यासाठी रांगा लागल्या तेच हे इंजेक्शन, आणि व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णाला त्याचा फायदा दिसलेला नाही. मोल्नुपिराविर हे तिसरं विषाणूविरोधी औषध त्याहून कमकुवत, गरोदरपणात वर्ज्य.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आयव्हरमेक्टिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, प्लाझ्मा (बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातला द्रव): मोठ्या चाचण्यांत यांतलं काहीच टिकलं नाही. प्लाझ्मावर तर आयसीएमआरचीच (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) ४६४ रुग्णांची चाचणी आहे. चिठ्ठीत अँटिबायोटिक असेल तर 'कशासाठी?' असं विचारायला संकोच नको.

घरी तापाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. सर्दीच्या मिश्र गोळीतही तेच असतं, त्यामुळे नकळत दुप्पट जातं, वेष्टन वाचा. साखर रोज तपासा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पण जेवण कमी होत असेल तर डोसाबद्दल फोन कराच.

ऑक्सिमीटर दिवसातून तीन-चार वेळा. बोट गरम हवं, नखावर मेंदी किंवा पॉलिश नको, आकडा मिनिटभर स्थिर होऊ द्या. सावळ्या त्वचेवर तो कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, म्हणून सहा मिनिटं खोलीत चालवून पुन्हा बघा. चालल्यावर चार-पाचने उतरला, बसल्या जागी ९३ किंवा खाली आला, किंवा आकडा ठीक असूनही बोलताना दम लागला, तर रुग्णालय.

अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघताना पालथं झोपवा: एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवून तास झालेला हवा. हृदयाचा गंभीर आजार किंवा मणक्याचा त्रास असेल तर पालथं न झोपवता उशांना टेकवून बसवा.