अर्जात 'नॅनो' लिहू नका

पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चढवताना तुमच्या आईंना दम लागला, अंग लाल झालं, म्हणून डॉक्टर आता त्याचाच दुसरा प्रकार, नॅब-पॅक्लिटॅक्सेल, द्यायचं म्हणतात आणि विमावाले 'प्रायोगिक उपचार' म्हणून अडून बसलेत. तुमचं हे वाचलं आणि सासूबाईंच्या वेळचे सात महिने डोळ्यांपुढे आले.

थेट माझ्या चुकीवर येते. क्लेमसोबत मी हौसेने पत्र जोडलं, 'नॅनोतंत्रज्ञानावर आधारित अत्याधुनिक औषध'. वाटलं, वजन पडेल. झालं उलटंच. 'नॅनो' म्हणजे प्रयोग, असा शिक्का बसला तो बसलाच. त्यात पूर्वमंजुरीच्या फॉर्मवर नुसतं 'पॅक्लिटॅक्सेल' आणि बिलावर नॅब! टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, ऑफिसात दर वेळी नवा माणूस, दर वेळी 'डॉक्टरांचं क्लॅरिफिकेशन आणा'. एकजण तर म्हणाला, "मॅडम, साधंच घेतलं असतं तर?" अहो, साध्यानेच त्या आयसीयूत गेल्या होत्या.

प्रायोगिक कसलं डोंबलाचं! अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी २००५ सालीच मान्यता मिळालीय. औषध तेच. साध्या प्रकारात ते एरंडेलापासून केलेल्या द्रावकात विरघळवलेलं असतं आणि रिअ‍ॅक्शनला बरेचदा तो द्रावकच कारण असतो. नॅबमध्ये तो नाही, औषध अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या साधारण १३० नॅनोमीटरच्या कणांत असतं. डॉक्टरांकडून एवढंच लिहून घ्या, आधीची रिअ‍ॅक्शन तारखेसह. आणि 'अल्ब्युमिन-बाउंड पॅक्लिटॅक्सेल' हे पूर्ण नाव प्रत्येक कागदावर हवं. तीन आठवड्यांनी देतात तेव्हा साध्याचा डोस १७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, नॅबचा २६०. अर्धवट नावाने क्लेमच काय, माणूसही अडचणीत येईल.

तरीही नकार आला तर आधी कंपनीला लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे, फी नाही. मी तिथे सहाव्या महिन्यात गेले, मूर्खपणा माझा.

मी डॉक्टर नाही, हे धरून वाचा. 'कण नेमके गाठीवरच जातात' असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा २०१६ साली आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचलेल्यांचं मध्यक प्रमाण जेमतेम ०.७ टक्के निघालं. आमचा फायदा म्हणाल तर द्रावक टळला आणि अर्ध्या तासात सलाईन संपायचं.

हातापायांच्या मुंग्या मात्र नॅबने जास्त येऊ शकतात. सासूबाईंनी गरम पातेलं उघड्या हाताने उचललं, त्यांना कळलंही नाही. आईंना काही दिवस गॅसपाशी एकटं सोडू नका, आणि मुंग्या वाढल्या तर पुढच्या डोसआधीच डॉक्टरांना सांगा.