चकती टिकत नाही, कातडी सोलवटलीय

प्रश्न : सासऱ्यांच्या आतड्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. पोटावर उजवीकडे इलिओस्टोमी आहे, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलंय आणि शी पिशवीत जमते. पिशवी कातडीला धरून ठेवणाऱ्या चकतीला दवाखान्यात जेवढं भोक पाडून दिलं होतं, तेवढंच आम्ही अजून पाडतो. आता भोवतीची कातडी लालबुंद, ओलसर झालीय आणि नुसती आग आग होते. चकती कधी कधी दिवसातून दोनदा सुटते. खोबरेल तेल लावून झालं, जंतुनाशकाच्या पाण्याने पुसून झालं. कोणतं मलम लावू? – एक सूनबाई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, मलमाचं राहू द्या. उतरवलेली चकती उलटी करून उजेडात धरा. शी भोकापासून ज्या बाजूला पसरलीय, कातडीही त्याच बाजूला जास्त सोललेली दिसेल. लहान आतड्यातून येणारी शी पातळ असते, तिच्यात अन्न पचवणारे रस असतात आणि ते कातडीलाही सोडत नाहीत.

ती झिरपते कुठून, ते तुमच्याच पत्रात आहे. ऑपरेशननंतर स्टोमाला, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला, सूज असते. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत ती उतरते, स्टोमा लहान होतो आणि तुमचं भोक मात्र तेवढंच! पिशव्यांच्या खोक्यात बहुतेक वेळा मापाचा कागद असतो. आज माप घ्या, भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं ठेवा. माप स्थिरावेपर्यंत दर बदलाला हे करायचं.

तेल आणि जंतुनाशक दोन्ही बंद. कोमट पाणी, मऊ फडकं, टिपून कोरडं करणं, बस्स. चकतीतलं पेक्टिन, जिलेटिन ओल शोषून कातडीला धरतं. मध्ये तेल आलं की पकड गेली. (१९५०च्या दशकात अमेरिकेत डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी याच कामाला कराया डिंक वापरला. तो निघतो आपल्याकडच्या जंगलातल्या कांडोळाच्या झाडातून.) सोललेल्या ओल्या जागी स्टोमा पावडर भुरभुरा आणि जास्तीची झटकून टाका, थर राहिला तर चकती पावडरलाच चिकटते. स्टोमा पेस्ट फक्त चकतीखालचा खळगा बुजवायला. पुष्कळ पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, उघड्या कातडीवर ते झोंबतं. तिथे चकतीखाली बसणारी मऊ रिंग बरी.

चकती बदलायची ती सकाळी चहाच्याही आधी, तेव्हा स्टोमा शांत असतो. लावल्यावर वरून तळहात ठेवून काही मिनिटं ऊब द्या. पिशवी अर्धी व्हायच्या आत रिकामी करा, नाहीतर वजनानेच ओढली जाते.

चकतीच्या कडेबाहेरही खाजरे लाल ठिपके असतील तर बुरशीचा संशय घ्या. डॉक्टरांना विचारून औषधी पावडर लावा, क्रीम नको. लाली नेमकी चकतीच्याच आकाराची असेल तर ती सोसत नसावी, दुसरी घ्या. स्टोमा कातडीच्या पातळीला आला असेल, तर फुगीर चकती लागते, ती तपासूनच ठरवावी लागेल. स्टोमा काळा-जांभळा दिसला किंवा पिशवी पाण्यासारखी भरतेय आणि लघवी कमी झालीय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एवढं करून आठवड्यात कातडी सुधारली नाही, तर सासऱ्यांना स्टोमा नर्सकडे (स्टोमाची काळजी शिकलेल्या नर्सकडे) न्या. निघताना शेवटची उतरवलेली चकती धुऊ नका. पिशवीत बांधून सोबत न्या.