कपाट फुल्ल आणि घालायला काहीच नाही

या वेळी बहुतेक प्रश्न कपाटाबद्दलच आलेत, त्यातले चार घेतेय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तो थोड्याफार फरकाने सगळ्यांचाच आहे.

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते, वय ४२, बँकेत नोकरी. कपाट उघडलं की कपडे अंगावर येतात आणि तरी रोज सकाळी साडेसातला मी गाऊनवर उभी, आज घालू काय. रील्समधल्या मुलींची कपाटं बघते, पांढरं, काळं, बेज, हँगरला मोजून तीस कपडे. मलाही तसं मिनिमल करायचंय, पण साड्याच पन्नासेक आहेत, वर कुर्ते न ड्रेस. सगळं देऊन टाकून नव्याने थोडंच घ्यावं का? सासूबाईंना एक बेज कुर्ता दाखवला तर म्हणाल्या, हा काय आजारी रंग!

उत्तर : सासूबाईंशी मी सहमत, निदान डोंबिवलीपुरती. जुलै महिन्यात फास्ट लोकल पकडून बघा बेज पँट घालून, ठाणं यायच्या आत कोणाची तरी ओली छत्री तुमच्या मांडीला पुसली गेलेली असते.

आता मुद्द्याचं. सगळं देऊन नवीन घ्यायचं का, तर अजिबात नाही. मिनिमल होण्यासाठी मॉलमधून चार पिशव्या भरून आणणारे लोक मी बघितलेत, त्यांचं कपाट सहा महिन्यांत पुन्हा तसंच, फक्त रंग फिका. आपल्याकडे कपडे जास्त असतात हे खरंय पण सकाळी साडेसातला अडतं ते जोडीपाशी. साडी आहे पण ब्लाउज होत नाही, ब्लाउज होतो तर हूक तुटलाय, नवी साडी तीन वर्षं तशीच पडलीय कारण फॉल-पिकोला टाकलीच नाही, कुर्ता छान आहे पण त्याची लेगिंग विटली, ड्रेसची ओढणी कुठल्या तरी लग्नात राहिली. त्यामुळे पन्नास साड्या हा आकडा सोडूनच द्या. उद्या सकाळी इस्त्री फिरवून लगेच नेसता येतील अशा किती, तेवढ्या मोजा. माझा अंदाज पंधरा, आणि त्यातल्या सहाच आलटून पालटून नेसल्या जात असतील.

ते तीस कपड्यांचं प्रकरण कुठून आलं तेही सांगते. अमेरिकेत कोर्टनी कार्व्हर या बाईंनी २०१० साली एक चॅलेंज सुरू केलं, तीन महिने फक्त ३३ गोष्टी वापरायच्या, त्यात चपला न दागिनेही धरायचे, घरातले आणि झोपायचे कपडे मात्र वगळून. तिकडे हे सोपंय, शर्ट म्हणजे एक. आपली साडी एक धरायची की साडी, ब्लाउज, परकर अशा तीन? त्यामुळे आकड्याच्या नादी लागू नका. त्याच्याही आधी, १९८५ला, डोना कॅरन या न्यूयॉर्कच्या डिझायनरने सात कपड्यांचं एक कलेक्शन काढलं होतं, नोकरी करणाऱ्या बायकांसाठी, त्यातली खरी गंमत सात या आकड्यात नव्हती, त्यातलं काहीही कशावरही घाला, ते जायचं. ही गोष्ट मात्र आपल्याला उचलता येते.

कशी, तर ब्लाउजने. साडी कधी लहान होत नाही हो, ती साडेपाच मीटरच राहते, तुम्ही पाच किलो वाढा नाहीतर दहा. लहान होतो तो ब्लाउज. आणि प्रत्येक साडीला तिच्याच ब्लाउजपीसमधून शिवलेला ब्लाउज पाहिजे हा हट्ट सोडला की अर्धं कपाट आपोआप हलकं होतं. चार-पाच ब्लाउज आजच्या मापाचे, उत्तम फिटिंगचे शिवून घ्या, एक साधा काळा, एक मरून नाहीतर हिरवा खणाचा, एक ऑफव्हाइट, एक निळा अजरख, आणि सणासुदीला एक जुन्या सोन्याच्या रंगाचा ब्रोकेड. इरकल, महेश्वरी, कॉटन, लिनन, बहुतेक सगळ्यावर यातलं काहीतरी जातंच. परकरही तीन रंगांत भागतं, पातळ साडी असेल तेवढीच पंचाईत.

जुने ब्लाउज लगेच काढू नका. उलटे करून बाजूची शिवण बघा, बऱ्याच टेलरनी दोन्हीकडे इंचभर तरी मार्जिन सोडलेलं असतं, ते उसवलं की चालतो ब्लाउज पुढची काही वर्षं. तिथेही जागा नसेल तर काखेखाली पट्टी लावून मिळते, हात खाली असला की दिसत नाही. फक्त हे काम घेऊन गणपती, नवरात्र, दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, अल्टरेशन म्हटलं की टेलर मान वर करून बघत नाही. पौषात जा. लग्नं नसतात, दुकानात जरा श्वास घ्यायला वेळ असतो त्यांना, आणि नीट माप घेतात.

कुर्त्यांचंही तेच. दोन पँट न एक-दोन लेगिंग अशा ठेवा की ज्यांच्यावर सगळे कुर्ते जातील, काळी, नेव्ही, फार तर एक राखाडी. पांढरी ठेवायची तर दसऱ्यानंतर बाहेर काढायची. अनस्टिच्ड ड्रेस मटेरियलचे सेट मात्र खरंच थांबवा, तो कुर्ता, ती सलवार, ती ओढणी, तिघांचं बाहेर कोणाशी जमतच नाही.

राहिली तुमची स्टाइल. ती रील्सवर नाही, तुमच्या बाल्कनीतल्या दोरीवर आहे. एक महिना धुतलेले कपडे वाळत घालताना बघा काय काय पुन्हा पुन्हा येतंय. कोणाच्या दोरीवर सगळं निळं न हातमागाचं निघतं, कोणाच्या फुलाफुलांचं, कोणाचे सगळे थ्री-फोर्थ बाह्यांचे. तेच तुम्हाला आवडतं, झेपतं आणि शोभतं. पुढची खरेदी त्याच लायनीत करा. ती लालभडक निघाली तर निघाली, मिनिमल म्हणजे फिकट असं कुठे लिहिलेलं नाहीये.

प्रश्न : मी २६ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. स्टीव्ह जॉब्ससारखे एकाच ब्रँडचे सात काळे टीशर्ट घेऊन विषय संपवावा असं वाटतंय. आई म्हणते वेडा आहेस का. तुम्ही सांगा.

उत्तर : वेडा नाहीस, फक्त हिशोब कच्चा आहे. जॉब्सचे ते काळे टर्टलनेक इस्सी मियाके या जपानी डिझायनरने खास करून दिलेले होते, ढीगभर. ओबामांनी २०१२च्या एका मुलाखतीत सांगितलं होतं की ते फक्त राखाडी न निळे सूट घालतात, कपड्यांचे निर्णय कमी करायला. या दोघांची इस्त्री त्यांना स्वतःला करावी लागत नसणार. तुझं गणित वॉशिंगवर चालतं. आठवड्यातून एकदा मशीन लावतोस तर सात अधिक दोन, कारण पुण्यात पावसाळ्यात जाड कॉटन एका दिवसात वाळत नाही न दमट टीशर्टला जो वास येतो तो मीटिंग रूममधल्या सगळ्यांना येतो. काळा रंग कडक उन्हात विटतो, उलटा करून सावलीत वाळत घाल. सातही टीशर्ट एकदम घेऊ नकोस, दोन घे, पाच-सहा वेळा धू, गळा लोंबला नाही तर बाकीचे. आणि आईसाठी एक बरा कुर्ता ठेव, पाडव्याला काळा टीशर्ट घालून आलास तर मी तुझ्या बाजूने बोलणार नाहीये.

प्रश्न : आई जाऊन वर्ष झालं. तिच्या साड्या माझ्याकडे आहेत, दोन पैठण्या, बाकी नेहमीच्या कॉटन. नेसवत नाहीत आणि देववतही नाहीत. कपाट मात्र अडकून बसलंय. (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : यांना आवरण्याच्या यादीत घेऊच नका. रोजच्या कपाटातून काढून वेगळ्या पेटीत ठेवा, मग त्या पसारा राहत नाहीत.

पैठण्या प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये असतील तर आधी बाहेर काढा, आत ओल कोंडते. जुनं, धुतलेलं मलमल किंवा मऊ सुती कापड घेऊन त्यात गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका, जर काळी पडते, त्यापेक्षा लवंगांची पुरचुंडी बरी. तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर घडीवरच जर तुटते आणि मग रफू करणारे शोधत फिरावं लागतं.

कॉटनच्या साड्यांतल्या दोन-तीन ज्या आईच्या अंगावर तुम्हाला आठवतात त्या ठेवा आणि घरात नेसा, पाणी पडलं तर पडलं. बाकीच्यांची गोधडी. वापरून मऊ झालेल्या सुती साड्यांसारखं कापड गोधडीला दुसरं नाही आणि हाताने टाके घालून शिवून देणाऱ्या बायका नाशिककडे अजून मिळतात, गावाकडच्या ओळखीत विचारा. एखादी साडी मावशीला किंवा आईच्या मैत्रिणीला द्या, त्यांना न विचारता नका देऊ एवढंच.

प्रश्न : काढलेले कपडे द्यायचे कुठे? बोहारीण हल्ली येत नाही आमच्याकडे. (कोल्हापूर)

उत्तर : जुन्या पेठांमधून अजून फिरतात, सुट्टीच्या दिवशी दुपारी आवाज ऐका. भांड्याचा भाव मात्र तिच्याशी तुम्हीच करायचा, मला त्यात पडायचं नाही. संस्थांपैकी गूंज आहे, अंशु गुप्तांनी १९९९ साली दिल्लीत सुरू केलेली, त्यांना २०१५चा मॅगसेसे मिळाला, ते लोक कपडे निवडून, दुरुस्त करून गावांत कामाच्या मोबदल्यात देतात आणि जुन्या सुती कापडाचे सॅनिटरी पॅडही बनवतात. तुमच्या जवळचं कलेक्शन कुठे आहे ते आधी बघून मगच गाठोडं बांधा. कुठेही द्या, धुऊन, चेन न बटणं तपासून द्या. पूर आला की लोक गाठोडी पाठवतात त्यात झगमगीत घागरे न फाटक्या जीन्स निघतात, ते तिथे कोण घालणार? फाटलेलं असेल ते घरातच ठेवा, सुती असेल तर लादी पुसायला नाहीतर गाडीला. आणि नायलॉन-पॉलिएस्टर पाणी टिपत नाही, त्याची फडकी करण्यात वेळ घालवू नका.