वंशसंहार आणि सामान्य माणसांचं धैर्य दाखवणारा कोणता चित्रपट आधी पाहावा?

एकच पाहणार असाल तर यास्मिला झ्बानिच यांचा 'क्वो वादिस, आयदा?' (२०२०) पाहा. जुलै १९९५मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांच्या आसपास मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले, त्या दिवसांची ही गोष्ट. संयुक्त राष्ट्रांच्या तळावर दुभाषी असलेली एक शिक्षिका नवऱ्याला आणि दोन मुलांना वाचवायला धडपडते. कत्तल पडद्यावर जवळपास दिसतच नाही. लोकांना दिली जाणारी आश्वासनं तिलाच भाषांतरित करून सांगावी लागतात, आणि ती पोकळ आहेत हे तिला आधी कळतं. हे पाहणं फार जड जातं. आयदा हे पात्र काल्पनिक आहे, घटना खरी.

त्यानंतर कंबोडियावरचा 'द किलिंग फील्ड्स' (१९८४). त्यातले अभिनेते हाइंग न्गोर स्वतः ख्मेर रूज या तिथल्या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीतून वाचलेले डॉक्टर होते.

'हॉटेल रवांडा' (२००४) मात्र इतिहास म्हणून पाहू नका. त्यातलं नायकाचं चित्रण त्या हॉटेलात वाचलेल्या अनेकांना मान्य नाही. रवांडासाठी राउल पेक यांचा 'समटाइम्स इन एप्रिल' (२००५) मला जास्त प्रामाणिक वाटतो.