घराचा सौदा : बोलणी कुणी करायची, आकडा कुणी धरायचा?

या खेपेला आलेल्या पत्रांत घरविक्रीची पत्रं बरीच आहेत. कागदपत्रांची विचारणा थोडी, रुसवेफुगवे जास्त. त्यातली चार घेतली आहेत.

प्रश्न : बेळगावातल्या शहापुरातलं आमचं घर आजोबांनी बांधलेलं, कौलारू. सोपा, माजघर, मागे परसू. वडील गेल्यावर आई, आम्ही दोघे भाऊ आणि कोल्हापूरला दिलेली बहीण अशी चौघांची नावं लागली आहेत. गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक येऊन गेलं. ‘घर पाडायचंच आहे, जागेचे तेवढे पैसे देतो’ म्हणालं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, धाकटा भाऊ उठून वाटेल ते बोलला आणि बैठक मोडली. आकडा खरं तर वाईट नव्हता. आता पुन्हा बोलवायचं तर कसं बोलायचं?

उत्तर : गिऱ्हाईक फटकळ बोललं, पण खोटं बोललं नाही. गल्लीतलं जुनं कौलारू घर घेणारा दहातल्या नऊ वेळा जागाच घेत असतो. तुम्ही सोपा विकायला बसलात, तो चौरस फूट घ्यायला बसला. बैठक मोडली ती इथं.

आपल्या वस्तूची किंमत आपल्याला जास्त वाटते, हा काही बेळगावकरांचाच दोष नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अर्ध्या विद्यार्थ्यांना साधे कप वाटले आणि उरलेल्यांना ते विकत घ्यायला सांगितलं. कप हातात येऊन काही मिनिटंच झाली होती, तरी विकणाऱ्यांनी घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दर मागितला. तुमच्या घरात तर तीन पिढ्या नांदल्या. तेव्हा ‘भावना बाजूला ठेवतो’ असा निश्चय करून बैठकीला बसू नका, तो पहिल्या दहा मिनिटांत मोडतो. बैठकीआधी चौघांनी मिळून आकडे कागदावर घाला.

कसे घालायचे ते बघा. समजा जागा २२ फूट बाय ६० फूट, म्हणजे १,३२० चौरस फूट. गल्लीत अलीकडे खरोखर झालेल्या व्यवहारांचा दर काढा. शेजाऱ्यानं ‘मागितलेला’ दर धरू नका, मागायला पैसे पडत नाहीत. समजा तो ३,५०० रुपये निघाला, तर जागेचे झाले ४६ लाख २० हजार. जुनं लाकूड घेणाऱ्याला बोलावून तुळया, खांब, चौकटी दाखवा आणि आकडा लिहून घ्या. समजा दीड लाख. घर पाडून मलबा हलवायचा खर्च ९० हजार. म्हणजे साठ हजार वर धरायचे, एकूण ४६ लाख ८० हजार. आजोबांनी रत्नागिरीहून आणलेलं सागवान म्हणून वेगळे दोन लाख कुणी देत नाही. लाकूडवाला घनफूट मोजतो आणि वाळवीचा तुकडा वजा करतो.

आता तीन आकडे ठरवा. मागायचा ५० लाख. धरून चालायचा ४६ लाख ८० हजार. तिसरा तळाचा, ज्याच्या खाली उठायचं. तळ अभिमानावर ठरवू नका. ‘हे गिऱ्हाईक गेलं तर आपल्या हातात काय उरतं?’ एवढंच विचारा. दुसरं गिऱ्हाईक ४४ लाखांवर तयार असेल तर तळ ४४. कुणीच नसेल तर थांबण्याची किंमत मोजा. ४४ लाख साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले तर सहा महिन्यांचं व्याज १ लाख ४३ हजार होतं. म्हणजे एका लाखासाठी सहा महिने अडून बसलात तर ४३ हजार गमावलेत, शिवाय पावसाळ्याआधी कौलं परतायची मजुरी पदरची. उलट, पाच लाखांचा फरक असेल तर अवश्य थांबा.

हे तिन्ही आकडे लिहून चौघांनी खाली सह्या करा. बहिणीची सही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून घेतली तरी चालेल, कारण हा कागद कोर्टासाठी नाही, तुमच्या आपसांतल्या भांडणासाठी आहे.

बोलायला एकानंच बसायचं. तावातावानं बोलणारा भाऊ नको आणि आई तर नकोच. त्यात तिचा अपमान नाही. घर बघायला माणसं येतील त्या वेळी तिनं मावशीकडं जाऊन यावं. बोलणाऱ्यालाही जागेवर ‘हो’ म्हणायचा अधिकार ठेवू नका. समोरच्यानं आकडा टाकला की एकच उत्तर : ‘बरं. आकडा लिहून द्या, घरात विचारून परवा सांगतो.’ या दोन दिवसांत राग निवतो आणि हुरळून जाणंही थांबतं. समोरचा ‘आत्ताच सांगा, नाहीतर चाललो’ म्हणाला तर जाऊ द्या. घ्यायचं असेल तर तो परवा फोन करतो.

घराचा इतिहास सांगू नका. आजोबांनी कसं बांधलं, वडिलांचं आजारपण, बहिणीच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे… गिऱ्हाईक यातलं शेवटचं तेवढं ऐकून घेतं. त्याला तारीख कळली की दर खाली येतो.

दोष मात्र तुम्हीच आधी शोधा. मुरलेलं गिऱ्हाईक न्हाणीघराच्या मागची भिंत अंगठ्यानं दाबतं. पोपडा हातात आला की तुमच्याकडं बघत म्हणतं, ‘ओल मुरलीय. तीन लाख तरी धरा.’ त्या वेळी तुमच्याकडं गवंड्याचा लेखी अंदाज असावा : गिलावा काढून नवा करणं, पन्हाळ बदलणं, ८० हजार. मग भांडण तीन लाखांचं उरत नाही. आणि जो घर पाडणारच आहे त्याला ओलीचे पैसे कापायचा हक्कच नाही, हेही शांतपणे विचारता येतं.

राहता राहिली आई. तिच्या दुःखाला सौद्यात जागा नाही, पण कागदावर आहे. तिला काय न्यायचं ते तिलाच सांगू द्या : तुळशी वृंदावन, देवघराची चौकट, जातं, सोप्यातला झोपाळा. ही यादी संचकार पत्रात, म्हणजे विसाराच्या करारात, ‘विक्रीतून वगळलेल्या वस्तू’ म्हणून घाला. देवघराची चौकट वाचली की दरावरची तिची हरकत पुष्कळदा आपोआप मावळते. तिचा जीव चौकटीत होता, लाखांत नव्हता.

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात गावठाणातलं वडिलोपार्जित घर विकायचं आहे. दोन बहिणी, दोघींची लग्नं होऊन पंचवीस वर्षं झाली. लग्नात सगळं दिलं, आता सही कशाला, असं भाऊ म्हणतो. बहिणींकडं कसं बोलावं?

उत्तर : आधी कायदा, म्हणजे बोलायचा सूर आपोआप बदलेल. कर्नाटकानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची ती अट गेली, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टानं हा हक्क जन्मापासूनचा आहे, दुरुस्तीच्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असं स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी किंवा विक्री झाली असेल तर ती मोडत नाही. घर वडिलांनी स्वतः घेतलेलं असलं आणि मृत्युपत्र नसलं, तरीही बहिणी वारस आहेतच. लग्नातल्या खर्चानं हिस्सा फिटत नाही.

गिऱ्हाइकाचा वकील नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढलेली वंशावळ मागणारच. त्यात बहिणींची नावं दिसली आणि सह्या नसल्या की तो व्यवहार थांबवतो, नाहीतर ‘धोका’ म्हणून दर पाडतो. त्यामुळं गिऱ्हाईक दारात यायच्या आधीच बहिणींशी बोला. ‘सही दे’ असं म्हणू नका. ‘तुझा हिस्सा इतका होतो. घेणार आहेस, की सोडणार आहेस?’ असं आकडा सांगून विचारा. आकडा न सांगता मागितलेली सही बहिणींच्या जास्त जिव्हारी लागते, आणि पुढं जावई त्याच धाग्यावर बोलतात. सोडणार असेल तर हक्कसोड पत्र नोंदणी करून घ्या. घेणार असेल तर तिचे पैसे गिऱ्हाइकाकडून थेट तिच्या खात्यावर येऊ देत. भावाच्या हातून आले की हिशेब वर्षानुवर्षं निघत राहतो.

बहीण महाराष्ट्रात असेल आणि नोंदणीला येणार नसेल, तर खरेदीपत्रावर सही करायचं मुखत्यारपत्र तिनं तिच्या राहत्या भागातल्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करून साक्षांकित करून घ्यावं. नुसत्या नोटरीवर काम अडतं. गावठाणातल्या घराला पंचायतीचे ई-स्वत्तूचे, म्हणजे मिळकतीच्या संगणकीय नोंदीचे, नमुना ९ आणि ११ लागतात. तिथं वडिलांचं नाव ‘कृष्णा’ आणि बहिणीच्या दाखल्यावर ‘किसन’ असं निघालं तर दुरुस्ती आताच करा. सौदा ठरल्यावर निघालेली चूक ही गिऱ्हाइकाला सूट मागायची आयती संधी असते.

प्रश्न : घेणारे पाव्हण्यांतलेच आहेत. ‘आपल्यात कसला भाव?’ म्हणतात.

उत्तर : मग सूट किती द्यायची हे आधी ठरवा, आणि बाजाराचा दर सांगून त्याखाली ती सूट म्हणूनच वेगळी दाखवा : दर ४४ लाख, नात्याखातर १ लाख कमी. एकदाच. गुळमुळीत दर सांगितला तर सूट दिली हेही त्यांना कळत नाही आणि पुढच्या लग्नात ‘आम्हाला महाग घातलं’ हे ऐकावं लागतं. कागद मात्र परक्याला करतो तसेच करा.

प्रश्न : टिळकवाडीतला बंगला ६२ लाखांना ठरला. घेणारे संचकार ५१ हजार देतो म्हणतात, उरलेले ‘नोंदणीच्या दिवशी बघू’, काही रोख. मागं एकदा ऐन नोंदणीच्या सकाळी दोन लाख कमी करा म्हणून आम्हाला अडवलं होतं आणि आम्ही वैतागून मान्य केलं. या वेळी काय करावं?

उत्तर : वैतागून मान्य केलंत, कारण त्या सकाळी तुम्ही बांधलेले होता आणि ते मोकळे होते. ५१ हजारांत ६२ लाखांचा माणूस बांधला जात नाही. दहा टक्के, म्हणजे ६ लाख २० हजार मागा. निदान पाच टक्क्यांखाली जाऊ नका. इतके गुंतले की ऐनवेळी अडवून धरायला त्यांनाही दोनदा विचार करावा लागतो.

संचकार पत्रात हे स्पष्ट हवं : एकूण रक्कम, उरलेली कोणत्या तारखेपर्यंत आणि कशी, कर्ज मंजूर झालं नाही तर काय, घेणारा मागं फिरला तर संचकारातलं किती जप्त, तुम्ही फिरलात तर किती परत. मुदत साठ-नव्वद दिवस पुरते. ‘लवकरात लवकर’ हा शब्द दिसला की खोडा. पत्र बहुधा कन्नडमध्ये लिहिलं जातं. तुम्हाला वाचता येत नसेल तर मसुदा दोन दिवस आधी मागून मराठीत समजावून घ्या. सहीच्या टेबलावर कुणी सावकाश वाचून दाखवत नाही.

रोखीला सरळ नाही म्हणा. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तितक्याच रकमेचा दंड बसू शकतो, आणि तो घर घेणाऱ्याला नव्हे, पैसे घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला. खरेदीपत्रात रक्कम सरकारी मार्गदर्शी दराच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाली दाखवली तर आयकर त्या सरकारी दरावर धरला जातो. रक्कम ५० लाख किंवा वर असल्यानं घेणारा १ टक्का, म्हणजे ६२ हजार, टीडीएस कापेल. तो कापला म्हणून चिडू नका, तो तुमच्याच पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता होतो. मुद्रांक आणि नोंदणी फी घेणाऱ्याची, हेही लिहून ठेवा. ऑगस्ट २०२५ अखेर कर्नाटकात नोंदणी फी १ वरून २ टक्के झाली आहे, आणि ६२ लाखांवर तो जादा १ टक्का कोणाच्या माथी मारायचा यावरूनही ऐनवेळी वाद निघतात.

महापालिकेचं ई-खातं (मिळकतीची संगणकीय नोंद), सिटी सर्व्हेचा उतारा, तीस वर्षांची ईसी (मिळकतीवरच्या बोजाचा दाखला) आणि घरपट्टीच्या पावत्या एका फायलीत लावून संचकाराच्या दिवशीच त्यांच्या वकिलाकडं द्या आणि पोच घ्या. मग नोंदणीच्या सकाळी ‘कागदात घोळ आहे’ म्हणून दर पाडायला जागा राहत नाही. तरी कुणी पाडायला लागलंच तर वाद घालू नका. ‘संचकार पत्राप्रमाणे करायचं असेल तर आत जाऊ, नाहीतर मुदत अजून बारा दिवस आहे, तुम्ही विचार करा’ एवढं म्हणा आणि कार्यालयाबाहेर चहा घ्यायला जा. बरोबर संतापणारा माणूस न्यायचा नाही.

किल्ली पूर्ण रक्कम खात्यावर दिसल्यावरच द्यायची. ‘वास्तुशांतीपुरती द्या’ म्हणून आधी मागतात आणि नाही म्हणवत नाही. पण पूजा झालेल्या घरातून कुणाला बाहेर काढता येत नाही. किल्ली देताना दोघांनी मिळून हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) मीटरचं आणि नळाच्या मीटरचं रीडिंग लिहा, मोबाइलवर फोटो घ्या, आणि त्याखाली तारीख घालून दोघांच्या सह्या.